महाविद्यालयाचे वातावरण आणि विद्यार्थी बाबासाहेब

जून-जुलै महिना आला की आमच्या वस्त्यांमध्ये एकच धांदल उडते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, या कागदांसाठी तहसील कचेरीत रांगा लागतात. मुलाला किंवा मुलीला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला की आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात. बुद्धविहारात सत्कार होतो, पुष्पगुच्छ दिला जातो आणि आपले काम संपले असे आपण सारेच समजतो. वास्तविक खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते. त्या कॉलेजातली हवा कशी आहे, वर्गात आमच्या लेकराशेजारी कोण बसते, मेसमध्ये त्याच्या टेबलावर कोण जेवते, अडचण आली तर ते कोणाकडे जाते, याची चौकशी आपण करीत नाही.

काही वर्षांपूर्वी एक बाप आपल्या मुलाला घेऊन आमच्या वकिली कार्यालयात आला. मुलगा एका नामांकित व्यावसायिक महाविद्यालयात शिकत होता आणि दुसऱ्या वर्षातच शिक्षण सोडतो म्हणत होता. भरलेली फी परत मिळेल काय, एवढेच बापाला विचारायचे होते. खोदून विचारल्यावर कळले की वसतिगृहात पहिल्याच दिवशी त्याला प्रवेश परीक्षेतील गुण विचारले गेले, त्यावरून जात ओळखली गेली आणि त्यानंतर त्याच्याशी कामापुरतेही कोणी बोलेना. तो मेसमध्ये जाईनासा झाला, मग वर्गात जाईनासा झाला. आम्ही त्याला काय सांगितले? बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत होते, तुला एवढेही सहन होत नाही काय, असे आम्ही त्याला सुनावले. मुलगा खाली मान घालून गप्प बसला. त्याची ती गप्प मान आम्हाला पुढे कित्येक दिवस बोचत राहिली. कारण आम्ही त्याला बाबासाहेबांचे अर्धेच चरित्र सांगितले होते. उरलेले अर्धे आज येथे सांगावयाचे आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला तो दिवस ७ नोव्हेंबर १९०० चा. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. पण त्या विद्यार्थ्याला शाळेने काय दिले? वर्गाचा एक कोपरा दिला. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यायचा आणि संध्याकाळी घरी आणायचा, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही. हे सारे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या वयात मुले खेळाच्या मैदानावर भांडतात आणि पुन्हा गळ्यात गळे घालतात, त्या वयात या मुलाला आपण बाकीच्यांपेक्षा वेगळे आहोत हे शाळेने शिकविले. आईचे छत्र आधीच हरपले होते. सुभेदार रामजी सकपाळ यांचा शिस्तीचा आणि वाचनाचा धाक व तितकीच माया हाच त्याचा आधार होता.

पुढे हे कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारा संसार. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागला. सरकारी शाळा, मुंबईसारखे शहर, तेव्हा तेथे तरी जात आड येणार नाही असे कोणालाही वाटेल. पण फळ्यावर गणित सोडविण्यासाठी शिक्षकांनी त्याला बोलाविले तेव्हा सवर्ण मुलांनी एकच गलका केला आणि फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे बाजूला काढण्यासाठी धाव घेतली, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्याला फारशी घ्यावी लागली. गणित आले की नाही हा प्रश्न त्या वर्गात दुय्यम होता. डबे विटाळतील काय हा प्रश्न पहिला होता. अशा वर्गात बसलेल्या मुलाच्या मनात गणिताबरोबर आणखी काय काय चालत असेल याचा विचार शिक्षणतज्ज्ञांनी करायला हवा होता. तो त्या काळी कोणी केला नाही.

मात्र याच मुंबईत त्याला एक माणूस भेटला. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत असे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक व लेखक त्या बागेत येत. त्यांनी या मुलाची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले त्याचे एक बीज त्या दिवशी पेरले गेले. एक शिक्षक विद्यार्थ्याकडे माणूस म्हणून पाहतो तेव्हा काय घडू शकते, याचे याहून मोठे उदाहरण कोणते द्यावे?

एल्फिन्स्टन कॉलेजमध्येही असेच दोन अनुभव शेजारी शेजारी उभे होते. इंटरमिजिएटनंतर पैशाअभावी शिक्षण थांबणार अशी वेळ आली तेव्हा केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. प्रा. म्युलर यांनी वाचायला ग्रंथ दिले, अंगावर घालायला कपडे दिले. त्याच कॉलेजच्या आवारातील हॉटेलवाला मात्र या विद्यार्थ्याला चहा देत नव्हता, पाणीही देत नव्हता. शिष्यवृत्तीने फी भरली गेली, पण तहान भागली नाही. आजही आमचे अनेक विद्यार्थी याच अवस्थेत शिकत आहेत. शिष्यवृत्ती बँकेत जमा होते आणि वसतिगृहात कोणी बोलत नाही.

बी. ए. झाल्यानंतर १९१३ च्या प्रारंभी भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, पण लगेचच वडील गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये सयाजीरावांच्या दरमहा ११.५० पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. येथून चरित्राला जे वळण लागते त्याकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो.

कोलंबियात त्यांना कोणी कोपऱ्यात बसविले नाही. ग्रंथालयात हव्या त्या खुर्चीवर बसता येत होते, हवे ते पुस्तक हाताळता येत होते, भोजनगृहात इतरांच्या पंगतीला जेवता येत होते. सुरुवातीचे काही महिने या तरुणाने चार तरुणांसारखे खेळण्यात आणि नाटके पाहण्यात घालविले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. यात कमीपणा काय? ज्याला आयुष्यात प्रथमच चारचौघांसारखे वागविले गेले त्याने चारचौघांसारखे हसून-खेळून घेतले. त्यानंतर ते अभ्यासाला लागले आणि मग ते प्रसिद्ध अठरा तास सुरू झाले. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी मित्र त्यांना मिळाला, तो जन्मभराचा मित्र ठरला. सेलिग्मन, जॉन ड्युई, शॉटवेल, रॉबिन्सन यांसारखे प्राध्यापक लाभले. आयुष्यातील सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातील काही सहाध्यायी आणि हे थोर प्राध्यापक, अशी कृतज्ञता बाबासाहेबांनी पुढे व्यक्त करून ठेवली. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचला. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे २००० ग्रंथ जमविले.

अमेरिका म्हणजे स्वर्ग होता असे आम्ही म्हणत नाही. त्याच काळात तेथे कृष्णवर्णीयांवर भयंकर अत्याचार होत होते. पण त्या एका विद्यापीठाच्या आवारात या एका विद्यार्थ्याला जन्माने चिकटविलेली ओळख विचारली गेली नाही, ही गोष्ट खरी आहे. मेंदू तोच होता. मेहनतीची तयारी तीच होती. बदलली होती ती भोवतालची हवा. साताऱ्याच्या वर्गात ज्याचा स्पर्श नको होता तोच विद्यार्थी न्यूयॉर्कमध्ये जातीवर निबंध वाचतो आणि प्राध्यापक मंडळी कान देऊन ऐकतात. अठरा तासांची महती सांगताना हे अठरा तास कोणत्या वातावरणात शक्य झाले हे आपण सांगत नाही, आणि तेथेच आपली चूक होते.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले व करारानुसार बडोद्याला नोकरीवर जावे लागले. परदेशातील वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती आणि बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर राहायचे कोठे हा प्रश्न पडताच ती पुन्हा जागी झाली, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. मानसशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथाने शिकवावी एवढी मोठी गोष्ट या कबुलीत आहे. जी जाणीव चांगल्या वातावरणात पुसली जाते आणि वाईट वातावरणात परत येते, ती त्या माणसाचा दोष कशी असू शकेल?

पुढचा प्रसंग आंबेडकरी घराघरांत ठाऊक आहे. बडोद्यात पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले. कचेरीत शिपाई दुरून फायली टाकीत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास सांगण्यात आले. एक हिंदू व एक ख्रिस्ती, अशा दोन परिचितांनी निरनिराळी कारणे सांगून आसरा नाकारला. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला वेळ होता तोपर्यंत कोलंबिया आणि लंडन पाहून आलेला हा विद्वान बडोद्याच्या कमाठी बागेत बसून राहिला. तेथे एका झाडाखाली त्यांना रडू कोसळले असे धनंजय कीर यांनी त्यांच्या चरित्रात लिहिले आहे. त्या वेळी बाबासाहेब २६ वर्षांचे होते. आमच्या आजच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या वयाचे! बाबासाहेब रडले हे सांगायला आम्हाला संकोच वाटता कामा नये. अश्रू येणे हा दुबळेपणा नव्हे. त्या अश्रूंना कोण कारणीभूत होते हा खरा प्रश्न आहे.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आता ते विद्यार्थी नव्हते, प्राध्यापक होते. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. विद्यार्थ्यांनी मात्र त्यांची विद्वत्ता ओळखली आणि इतर कॉलेजांतील विद्यार्थीही त्यांच्या व्याख्यानांना येऊन बसू लागले. शाळेतील नळ, कॉलेजातील हॉटेल आणि स्टाफरूममधील भांडे, तिन्ही ठिकाणी पाणीच आडवे आले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जी ओंजळ भरली गेली तिच्यामागे साताऱ्याच्या वर्गातील एका मुलाची तहानही होती, हे आम्ही विसरता कामा नये.

साठविलेला पगार, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेनांकडून घेतलेले कर्ज यांवर बाबासाहेब १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास केला. १९२१ मध्ये एम. एस्सी., पुढे बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लंडनमध्ये उपासमार होती, पण अपमान नव्हता. उपाशी पोटी शिकता येते, हे त्यांनी सिद्ध केले. अपमानित मनाने शिकणे त्याहून किती अवघड असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

म्हणूनच परत आल्यावर त्यांनी काय केले ते पाहणे महत्त्वाचे आहे. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत तिने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. त्याचबरोबर मोफत वाचनालय आणि मुलांसाठी हॉकीचा क्लबही चालविला. हॉकीचा क्लब कशासाठी, असे एखाद्याला वाटेल. ज्याला शाळेच्या मैदानावर कोणी खेळायला घेतले नाही त्यालाच खेळाची किंमत कळते. विद्यार्थ्याला पुस्तक हवे, भाकरी हवी, तसे सोबती आणि मोकळे मैदानही हवे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करणाऱ्या गरीब तरुणांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. उत्तम ग्रंथालय उभारले. विद्यार्थ्यांची संसद भरविली, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना गावच्या चावडीत बोलण्याची मुभा नव्हती त्यांना उभे राहून वाद घालण्याची सवय लागावी. पहिले प्राचार्य म्हणून संस्कृतचे पंडित अ. बा. गजेंद्रगडकर यांना आणले. ज्यांना संस्कृत शिकायला मिळाले नाही त्यांनी संस्कृतच्या पंडिताला सन्मानाने आपल्या कॉलेजचे प्राचार्यपद दिले. आमच्यासाठी वेगळे बेट नको, सर्व जातिधर्मांच्या मुलांनी व प्राध्यापकांनी एकत्र बसावे अशी जागा हवी, हा त्यामागचा विचार होता.

१९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दुसरे कॉलेज सुरू झाले. पुढे त्याला मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनांना प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि नागसेनांनी न रागावता उत्तरे दिली. विद्यार्थ्याने निर्भयपणे विचारावे आणि शिक्षकाने मान ठेवून उत्तर द्यावे, हा महाविद्यालयाचा आदर्श बाबासाहेबांनी नावातच कोरून ठेवला. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, निजामी राजवटीच्या अंधारातून आलेली मुले येथे बोलू लागली, लिहू लागली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ नाटक याच परिसरात जन्मले. प्रा. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ याच भूमीत उभे राहिले. दलित साहित्याचा इतिहास नागसेनवनाला वगळून लिहिता येत नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, पण हवा बदलली की माणूस किती फुलतो याचा पुरावा ते आपल्या हातांनी उभा करून गेले होते.

आणि आज? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जातिभेदाचा प्रश्न पुढे आला तेव्हा प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ मध्ये आपला अहवाल दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेची नियमावली केली आणि समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी असावा असे ठरवून दिले. तरीही जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादेत रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्या दोघांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याच्या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. एक वकील म्हणून आम्ही या घडामोडींचे महत्त्व जाणतो. पण केवळ नियमांनी हवा बदलत नाही. नियम अमलात आणणारी माणसे उभी करावी लागतात.

ती माणसे आपणच आहोत. मुलाला कॉलेजात सोडताना तेथे समान संधी कक्ष आहे काय, तक्रार कोणाकडे करायची, हे पालकांनी पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. विहारातील सत्काराच्या खर्चातून थोडे वाचवून प्रत्येक शहरात आधी शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांचा एक गट उभा करावा आणि नव्याने आलेल्या मुलांच्या खोलीवर दर पंधरा दिवसांनी जावे. आमच्या समाजातील प्राध्यापकांनी केळुसकर व म्युलर व्हावे. मुलाचे जेवण तुटले, झोप उडाली, तो फोन घेईनासा झाला तर त्याला भाषण न देता आधी भेटावे आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. यात लाजण्यासारखे काहीही नाही. आणि जेथे अपमान झाला तेथे लेखी तक्रार करावी, पोच घ्यावी, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ लागू होत असेल तर त्याचा आधार घ्यावा.

आमच्याकडे आलेल्या त्या मुलाला आम्ही पुन्हा बोलावून घेतले. या वेळी अठरा तासांऐवजी कमाठी बाग सांगितली. तो प्रथमच मान वर करून ऐकू लागला. बाबासाहेबसुद्धा, एवढेच तो पुटपुटला. नंतर लेखी अर्ज दिला गेला, खोली बदलून मिळाली, एका शिक्षिकेने त्याला जवळ केले. त्याचे एक वर्ष वाया गेले, पण तो पदवीधर झाला. श्रेय आमचे नव्हे. उशिराने का होईना, आम्ही त्याला पूर्ण बाबासाहेब सांगितले इतकेच.

बाबासाहेबांनी सोसले म्हणून आमच्या लेकरांनीही सोसावे, हा त्यांच्या चरित्राचा अर्थ नाही. आपल्याला जे सोसावे लागले ते पुढच्या मुलांना सोसावे लागू नये म्हणून त्यांनी सिद्धार्थ आणि मिलिंद उभे केले. या वर्षी प्रवेशाचे पेढे वाटताना एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

जयभीम!